किंगची तेरवी, मु. पो. आसेगाव

१५ ऑगस्ट १९७७, सोमवार

आजपासून नवीन आयुष्य. देश ज्या तारखेला सुटला त्याच तारखेला आपणही सुटायचं, हे पक्कं. सकाळी आवाजाचा रियाज, संध्याकाळी कंबरेचा. वेळ उरल्यास बी.ए.चे राहिलेले विषय.

येत्या गणपतीत वाशीमच्या ऑर्केस्ट्रात माझी निवड जवळजवळ झालेली आहे. त्यांना कळवायचं तेवढं बाकी आहे. वऱ्हाडातला पहिला इंग्रजी गायक. पेपरवाले विचारतील, गुरू कोण? मी सांगेन, एल्विस प्रेस्ली, अमेरिका, ज्यांना सगळं जग किंग म्हणतं. शालिग्राम भिवाजी हे नाव स्टेजवर चालणार नाही. गाव तर शालिकच म्हणतं. स्टेजवर शॅली.

झेंडावंदनाहून आलो तर बाबांनी विचारलं, डवऱ्यामागं येतं का, पराटीत गवत माजून राह्यलं. मी म्हणालो, कपाशी कोळपायचा आज दिवस नाही, राष्ट्रीय सुट्टी आहे. त्यावर बाबा म्हणाले, "थे गवताले सांग." बाबांना कलेचं अंग नाही. मायला असावं, पण तिचा आज श्रावण सोमवार होता, बोलण्याचं त्राण नव्हतं.

१६ ऑगस्ट, मंगळवार

रियाजाची जागा कायमची बदलली. घरात गायलो की माय देवापुढची घंटी जोरात वाजवते. अंगणात गायलो की शेजारची गंगूकाकू विचारायला येते, कोनाचं पोट दुखून राह्यलं. म्हणून गोठा. तिथं दोन श्रोते आहेत, राजा आणि सर्जा. मी तोंड उघडलं की सर्जा पाठ फिरवतो. राजा फिरवत नाही, कान पुढे करून ऐकतो. दोघंही बांधलेले असतात हे मान्य. पण पाठ फिरवण्याइतका दोर दोघांनाही आहे, हा मुद्दा जगदेवला सांगितला पाहिजे.

जगदेव म्हणजे माझा वर्गमित्र. पहिल्या झटक्यात बी.ए. झाला, वाशीमला मास्तर लागला, म्हणजे कलावंत म्हणून संपला. शनिवारी गावी येतो. त्याचं म्हणणं, मी किंगचं दीड गाणं ऐकलं आहे आणि वर भक्त म्हणवून घेतो. दीड हे खरं आहे. रेडिओ सिलोनवर एक पूर्ण ऐकलं, दुसऱ्यात अर्ध्यावर खरखर सुरू झाली. पण जे पूर्ण आहे ते पाठ आहे. त्यातला 'बेबी' एवढा शब्द स्वच्छ येतो, बाकीचे मी भरतो. आणि आवाज किंगचाच होता, असं होस्टेलवर अमरावतीच्या एका मुलानं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं. फोटोही आहे माझ्याकडे. इंग्रजी मासिकाचा कागद आहे, मुळात त्यात फुटाणे आले होते. फोटो छातीपर्यंतच आहे, त्यामुळे कंबरेचं मला तर्कानं करावं लागतं.

कल्ले मात्र फोटोबरहुकूम. कानाच्या पाळीखाली दोन बोटं, टोकाला रुंद. या कल्ल्यांपायीच उन्हाळ्यात शिरपूरचं स्थळ गेलं. मुलीचे वडील देवमनराव यांनी निरोप पाठवला की पोरगा तमाशातला दिसते. मला काही वाटलं नाही. कलावंताला संसार कशाला हवा? मुलगी चहा देताना हसली होती आणि तिचं नाव बेबी, एवढंच लक्षात आहे. डाव्या गालाला खळी. साडी हिरवी.

१७ ऑगस्ट, बुधवार

रियाज उत्तम झाला. आज राजा बसून ऐकत होता. कालपर्यंत उभ्यानं ऐकायचा, म्हणजे माझ्या आवाजात ठहराव आला आहे. समोरच्या वैरणीला त्यानं तोंडही लावलं नाही, इतका गुंग. शेवटी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी गाणं परत एकदा म्हटलं.

बाबांनी विचारलं, राजाकडं पाह्यलं का, कसा वाटते? मी म्हणालो, मजेत आहे. जनावराला जे कळतं ते माणसाला कळत नाही, हेही म्हणणार होतो, पण बाबा निघून गेले.

१८ ऑगस्ट, गुरुवार

लिहवत नाही. तरी लिहितो, पुढे कोणी माझं चरित्र लिहिलं तर हा दिवस लागेल.

सकाळी गोठ्याच्या ओट्यावर बसून रेडिओ लावला. इंग्रजी बातम्या. आवाज येत-जात होता. प्रेस्ली. वय बेचाळीस. डेड. पुढे खरखर. रेडिओला दोन थापा मारल्या, बातमी बदलली नाही.

गुडघ्यांत डोकं घालून रडलो. खोटं कशाला लिहू, सुरुवातीला थोडा प्रयत्न करावा लागला, नंतर आपोआप आलं. एवढ्यात बाबा गोठ्यातून बाहेर आले. काय झालं, विचारलं. मी म्हणालो, किंग गेला. ते नुसते पाहत राहिले म्हणून मराठीत सांगितलं, राजा गेला. बाबा म्हणाले, "तुले कसं कयलं?" आणि माझ्या शेजारी बसले. पाठीवर हात ठेवला. बाबांचा हात माझ्या पाठीला मॅट्रिकच्या निकालानंतर आजच लागला, आणि तेव्हा तो असा लागला नव्हता.

मी रडता रडता थक्क झालो. बाबांना किंग माहीत आहे आणि मला पत्ता नाही.

दुपारपर्यंत सगळा मोहल्ला बसायला आला. मी या गावाला उगाच नावं ठेवत होतो. आसेगावचा सांस्कृतिक दर्जा मी समजतो त्याहून पुष्कळ वर आहे. गंगूकाकू डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "लय गुनाचा होता रे शालिक." मी म्हणालो, काकू, जगात त्याला तोड नव्हती. ती म्हणाली, तुह्या बापाचं घर त्यानंच उभं केलं. हे जरा जास्त झालं, पण दुःखात माणूस बोलून जातो. मागून कोणी म्हणालं, वय झालंच होतं. मला संताप आला. बेचाळीस हे काय जायचं वय आहे, असं मी विचारलं. त्यावर तिघं-चौघं एकमेकांकडे पाहू लागले आणि मला पाणी आणून दिलं. मग गंगूकाकू म्हणाली, "पन कोनाले कदी शिंग लावलं नाई बिचाऱ्यानं."

शिंग.

मी उठून गोठ्यात गेलो. सर्जा एकटा उभा होता. राजा खाली पडलेला, अंगावर बाबांचं धुतलेलं धोतर.

संध्याकाळी शेतात, आंब्याच्या कडेला खड्डा केला. मिठाचं पोतं टाकलं. बाबा लोकांना म्हणाले, पह्यली माती शालिकच्या हातानं पडू द्या. मी टाकली. मनात अर्थातच किंग होता.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

गैरसमज दूर करायचा ठरवलं आहे. आज नाही. आज लोक फार येत आहेत, एकेकाला वेगळं सांगावं लागेल. उद्या एकदमच सांगू.

गावात बोललं जातंय की शालिकनं कालपासून घास घेतला नाही. उपास मी किंगसाठी धरला होता, आणि दुपारी जगदेवच्या घरी जाऊन सोडला. त्याची आई लिलाबाई हिनं चून-भाकर वाढली, मिरचीचा ठेचा दिला. म्हणाली, "खाय बाबू, मुकं जनावर गेलं की माणसाचा घसा सुकते." मी तीन भाकरी खाल्ल्या. घरी आलो तर माय ताट झाकून बसलेली. तिच्यासमोर खाल्लं नाही. दोन्हीकडे मान राहिला पाहिजे.

२० ऑगस्ट, शनिवार

जगदेव आला. किंगची बातमी आलेला पेपर घेऊन मुद्दाम वाकडी वाट करून आला, म्हणाला, तुझं फार वाईट वाटलं. जगात माझ्या दुःखाचा खरा पत्ता असलेला हा एकटाच. मी त्याला सगळा प्रकार सांगितला. आधी तो गंभीर राहिला, मग तोंडावर पेपर धरला, मग पेपर हलायला लागला.

हसून झाल्यावर म्हणाला, भिवाजीकाकाले आजच सांग, उद्या लय जड जाईन. मी म्हणालो, सांगतो. पण प्रसंग हवा. सत्य कधी सांगावं हेही सत्याइतकंच महत्त्वाचं असतं. जगदेव म्हणाला, हे तू परीक्षेत लिहिलं असतं तर पास झाला असता. मास्तर लोकांची जीभ अशीच.

पेपरात लिहिलं आहे की हजारो लोक किंगच्या दाराशी रडत उभे आहेत. आमच्या दाराशी माणसं कमी होती, पण आमच्याकडे चहा दिला.

२३ ऑगस्ट, मंगळवार

मोठीच घडामोड. शिरपूरहून देवमनराव स्वतः आले, एस.टी.नं, वाशीमला गाडी बदलून. तेच, ज्यांना मी तमाशातला वाटलो होतो. बाजारात त्यांना कोणी सांगितलं की आसेगावच्या भिवाजीचा पोरगा बैलासाठी अन्न सोडून बसला. ओसरीवर बसून बाबांना म्हणाले, "जो बैलासाठी रडते थो बाईले मारत नाई. माह्या पोरीसाठी मले असाच पायजे होता." मी आतून ऐकत होतो. ऐकताना चेहरा कसा ठेवावा ते ठरेना, म्हणून जात्याकडे तोंड करून बसलो.

चार तारखेला मुलीकडे बोलावलं आहे. माझी बाजू मी बाबांना स्पष्ट सांगितली, की आर्टिस्टला बंधन नको, पण वडीलधाऱ्यांचा शब्द मोडणार नाही. बाबा म्हणाले, मंग हो म्हन ना सरळ. मी हो म्हणालो.

आता सत्य सांगण्यात एक नवी अडचण निर्माण झाली आहे. आपल्या सत्यामुळे दोन घरांचं नुकसान करायचा मला अधिकार आहे का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर लगेच आलं.

२५ ऑगस्ट, गुरुवार

तेरवी करायची ठरली. बाबांच्या मनात नव्हतं, पण पारावरच्या म्हाताऱ्यांनी उचलून धरलं. अशी माया आजकाल पोरं बापावर करत नाईत, तुह्या पोरानं बैलावर केली, मंग आमी चार घास कायले नाई खावे? शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मी आतून खूश. राजाच्या नावानं का होईना, किंगची तेरवी आसेगावात होणार. अमेरिकेत कोणी करणार नाही. तेव्हा मी भाषण करणार आणि त्यात खुबीनं सगळं सांगून टाकणार. ठरलं.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

संकट. गोविंदा न्हावी येऊन बाबांना विचारून गेला, दहाव्याले सकाळीच येऊ का? कोणाचे केस, मी विचारलं. तो म्हणाला, "तुह्येच. सुतक तू धरलं ना."

मला यातला हा भाग कोणी सांगितला नव्हता. किंगला मान द्यायचा तर किंगसारखे कल्ले उतरवायचे, हा कुठला न्याय? मी गोविंदाला शास्त्र सांगितलं, की ज्याचा बाप जिवंत आहे त्याला सूट असते. गोविंदानं विचार केला आणि म्हणाला, बरोबर, तुही मिशी नाई काढत. मला मिशी नाही.

उद्या सकाळी काहीही झालं तरी बाबांना खरं सांगायचं. हा शेवटचा निर्णय.

२७ ऑगस्ट, शनिवार

उठलो आणि तडक गोठ्यात गेलो. वाक्य तयार केलं होतं, "बाबा, मी ज्याच्यासाठी रडलो तो राजा वेगळा." बाबा राजाच्या खुंट्याजवळ बसून त्याची घुंगरमाळ चिंच लावून घासत होते. मला पाहून त्यांनी सरकून जागा दिली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. म्हणाले, "मले वाटत होतं तुले या घरातलं काईच आपलं वाटत नाई. रेडिओ घेऊन बसतं, आमी तुह्ये कोन लागतो. त्या दिवशी मी गोठ्यात राजाले पाहून बाहीर आलो तं तू माह्या आदीच रडून राह्यला होता." आणि घुंगरं घासत राहिले.

मी विचारलं, चिंच आणखी आणू का?

ते म्हणाले, आन.

चिंच आणून दिली आणि बाहेर गोविंदासमोर जाऊन बसलो. त्यानं आधी डावा कल्ला घेतला, मग उजवा, मग सगळं. केस खाली पडले ते सगळे राजाच्या दावणीपर्यंत वाऱ्यानं गेले. डोळ्यांत पाणी आलं. लोक म्हणाले, अजून रडते बिचारा. वस्तरा बोथट होता हेही एक कारण आहे.

केस पुन्हा येतात. मी आरशात पाहिलं नाही. मायनं तो काढून ठेवला होता.

३० ऑगस्ट, मंगळवार

तेरवी पार पडली. भाजी, वरण, पोळी, बुंदी. पारावरचे म्हातारे दोन वेळा बसले. भाषण मी केलं. खुबी अशी योजली होती की सुरुवात राजापासून करायची आणि हळूहळू अमेरिकेत जायचं.

म्हणालो, आपला राजा गेला. तो नुसता आपला नव्हता, त्याच्यासाठी सातासमुद्रापलीकडे लोक रडतात. एक म्हातारा म्हणाला, खरं हाये, त्याची आई तिकडूनच आनली होती, अनसिंगहून. मी म्हणालो, त्याचा आवाज ऐकून माणसं जागची हलत नसत. लोकांनी माना डोलावल्या. मी जोर केला, म्हणालो, आणि त्याची कंबर! ती हलली की बायका किंचाळायच्या. इथं डोलणाऱ्या माना थांबल्या. मला वाटलं आता फुटलं. तेवढ्यात गंगूकाकू म्हणाली, "मी किंचाळली होती ना मागच्या पोळ्याले, माह्या पायावर पाय देला त्यानं."

पुढे बोलता आलं नाही. बाबा पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मी खाली बसलो. भाषण अतिशय गाजलं. दोन गावांहून बैलांच्या तेरवीसाठी बोलावणं आलं आहे.

रजा टाकून आलेला जगदेव बुंदी खात म्हणाला की मी एकही शब्द खोटा बोललो नाही आणि एकही खरा बोललो नाही. मी त्याला आणखी बुंदी वाढली नाही.

४ सप्टेंबर, रविवार

शिरपूरला जाऊन आलो. डोक्याला टोपी. देवमनरावांनी ओसरीवर पाच पाहुण्यांसमोर टोपी काढायला लावली, हे पाहा म्हणाले, हे पाहा पोराचं मन. पाहुण्यांनी माझ्या मनाकडे वरून पाहिलं.

मग बेबी चहा घेऊन आली. मोठी माणसं जाणूनबुजून विहिरीकडे गेली. मी तयार ठेवलेलं वाक्य बोलणार होतो, पण तिनंच विचारलं, "कल्ले कुटं गेले?" मी म्हणालो, राजापायी. ती ट्रे घेऊन तशीच उभी. म्हणाली, "मले तं तेच आवडले होते. बाबाले नाई आवडले. मी तवाच हो म्हनली होती, मले इचारलं कोनं?"

जे एका माणसाला आवडलं होतं ते मी दुसऱ्या माणसाला पटवण्यासाठी उतरवून दिलं होतं. वर ती म्हणाली, "आन थे गानं? तवा चहा घेऊन येता येता आइकू आलं मले. माह्या नावाचं गानं म्हनून राह्यले होते तुमी. सारखं बेबी, बेबी."

मी त्या दिवशी वेळ जात नव्हता म्हणून गुणगुणत होतो. किंगचं गाणं, सिलोनवरचं. तिला हे सांगावं का? सत्य सांगण्याच्या बाबतीत माझा अनुभव आता पुष्कळ आहे. मी नुसता हसलो. ती म्हणाली, केस येऊ द्या. कल्ले आले की साखरपुड्याले या, तवर मी घरच्यांले थोपवून ठेवते. आणि गाणं इसरू नका.

म्हणजे माझं लग्न आता कानापासच्या केसांवर अवलंबून आहे. परत येताना एस.टी.त दोनदा हात लावून पाहिला. काही नाही.

६ सप्टेंबर, मंगळवार

डोक्याला, कानशिलांना एरंडाचं तेल. गोविंदा म्हणतो कांद्याचा रस लाव. लावला. सर्जासुद्धा बाजूला सरकला.

बाबांनी डवरणीसाठी शेजारचा बैल मागून आणला होता. सर्जा त्याच्याबरोबर चालेना. उभाच राहिला. बाबा त्याला मारत नाहीत, तेही तिथंच उभे राहिले. मी बांधावरून पाहिलं. जाऊन कासरा धरावा असं मनात आलं, पण डोक्याला तेल होतं, ऊन चांगलं नाही.

११ सप्टेंबर, रविवार

जगदेव नवीन सेल घेऊन आला. आज सिलोनवर किंगच्या स्मरणार्थ खास कार्यक्रम होता. त्यानं पेपरात वाचलं म्हणे. मी मायलाही बोलावलं, बाबांनाही. म्हटलं, एकदा कळू द्या घराला मी काय ऐकतो ते. सगळे अंगणात बसले. आवाज आज आरशासारखा स्वच्छ, खरखर नाही.

एकामागून एक किंगची गाणी लागली. एकही ओळखीचं नाही. आवाजही वेगळाच, खोल, जाड. मी जगदेवला म्हणालो, माझं गाणं शेवटी लावतील, तेच मुख्य. कार्यक्रम संपला. माझं गाणं लागलं नाही.

मग दुसरा कार्यक्रम सुरू झाला, श्रोत्यांच्या फर्माइशीचा, आणि त्यात पहिलंच माझं गाणं. तोच आवाज, तेच 'बेबी'. मी उडालो, म्हणालो, हेच, हेच ते. गाणं संपल्यावर निवेदिकेनं गायकाचं नाव सांगितलं. किंगचं नव्हतं. भलतंच कोणतं तरी, मला नीट ऐकूही आलं नाही. जगदेवला आलं. त्यानं भाषांतर करून सांगितलं की तो माणूस मजेत आहे आणि त्याची नवीन रेकॉर्ड येते आहे.

बाबांनी विचारलं, काय झालं? जगदेव म्हणाला, काही नाही काका, एकजण जिवंत आहे. बाबा म्हणाले, चांगलं झालं.

ते आत गेल्यावर जगदेव हसेल म्हणून मी वाट पाहत होतो. तो हसला नाही. हळूच म्हणाला, "मंग शालिक, तू रडला कोनासाठी?" मी म्हणालो, तुझे सेल काढून घे आणि जा. तो गेला. सेल ठेवून गेला.

अमरावतीच्या त्या मुलाला पत्र लिहिणार होतो. त्याचं नाव आठवेना.

१२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

सकाळी सर्जाला नदीवर मी धुतलं. बाबांनी सांगितलं नव्हतं. शिंगांना रंग दिला, पाठीवर झूल घातली. राजाची झूल पेटीतच राहिली. घुंगरमाळ बाबांनी बाहेर काढली, घासून लख्ख केलेली, आणि परत ठेवली.

गावाच्या तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या. आमचाच एकटा. सर्जा पुढे यायला तयार नाही, सारखा डावीकडे पाहतो. राजा डावीकडे असायचा. पाटील म्हणाले, भिवाजी, जोडी कुटं? बाबा म्हणाले, "हा हाये ना." आणि मला सर्जाच्या डाव्या अंगाला उभं केलं. लोक हसले. मीही हसणार होतो, पण बाबा हसत नव्हते. सर्जानं माझ्या तासलेल्या डोक्याचा वास घेतला, कांद्याचा असावा, आणि चालायला लागला. तोरणाखालून आम्ही जोडीनं गेलो.

घरी मायनं दारात सर्जाच्या पायांवर पाणी घातलं आणि सवयीनं दुसरं तांब्याभर डावीकडे ओतलं. तिथं मी होतो. पुरणपोळीही तशीच मिळाली, उभ्याउभ्या, तिच्या हातून.

आता गोठ्यात बसून लिहितो आहे. गाणं म्हटलं, ज्याचं असेल त्याचं. सर्जानं पाठ फिरवली. राजाच्या खुंट्याकडे पाहून दुसऱ्यांदा म्हटलं. त्या बुधवारी तो बसला होता, वैरण खात नव्हता, डोळ्यांतून पाणी येत होतं. तो गाणं ऐकत नव्हता. तो मरत होता, आणि मी त्याला तेच गाणं परत ऐकवलं. तरी त्यानं पाठ फिरवली नाही.

आता पुन्हा रडलो. या वेळी प्रयत्न करावा लागला नाही. बाबा बाहेरून म्हणाले, रडू नोको बे आता, झालं ना. तर मी राजासाठी रडतो असं सगळं गाव म्हणतं, आणि गावाला हे माझ्या आधी कळलं होतं. एकूण आसेगावचा दर्जा मी समजतो त्याहून वरच आहे.

उद्या पराटीत डवरणीला जायचं आहे. सर्जा माझ्याबरोबर चालतो, तेव्हा कासरा मीच धरणार असं बाबांना सांगितलं. कल्ले अजून फुटलेले नाहीत.